फुकटच्या पुस्तकाची किंमत

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि मराठी माणसाची दीर्घकाळची प्रतीक्षा संपली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये देशाच्या राजधानीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. भाषेच्या या सन्मानाचा आनंद प्रत्येक मराठी भाषकाला व्हावा, यात काही वावगे नाही. परंतु सन्मानाचे सोहळे आटोपल्यावर त्या भाषेचा रोजचा संसार कसा चालला आहे, हेही पाहिले पाहिजे. भाषेचा संसार चालतो तो तिच्या ग्रंथांवर. आणि हे ग्रंथ आज ज्या एका रोगाने आतून पोखरले जात आहेत, त्याची चर्चा संमेलनाच्या मांडवात क्वचितच होते. तो रोग म्हणजे महाजालावरून होणारी पुस्तकांची चोरी.

ही चोरी कशी होते, हे आता कोणाला समजावून सांगण्याची गरज राहिलेली नाही. एखादी कादंबरी किंवा एखादा चरित्रग्रंथ बाजारात येतो. कोणीतरी त्याची पाने मोबाईलच्या कॅमेऱ्याने टिपतो किंवा ई-पुस्तकाचे कुलूप तोडतो, त्याची पीडीएफ तयार करतो आणि समूहावर टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका समूहात हजारभर माणसे असू शकतात. टेलिग्रामच्या समूहात ही मर्यादा दोन लाखांची आहे आणि तेथील वाहिन्यांना तर मर्यादाच नाही. ‘मराठी पुस्तके मोफत’ अशा थाटाच्या नावाने चालणाऱ्या वाहिन्यांवर लेखकाने आयुष्यभर लिहिलेली ग्रंथसंपदा एका दमात उतरवून घेता येते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, पुस्तकांची दुकाने आणि ग्रंथालये बंद झाली, तेव्हा या प्रकाराला महापूर आला. दुकाने पुन्हा उघडली, ग्रंथालयेही उघडली, पण हा पूर ओसरला नाही. सवय मागे राहिली. याच पीडीएफ घेऊन निकृष्ट कागदावर बनावट आवृत्त्या छापायच्या आणि त्या पदपथावर किंवा घरपोच विक्रीच्या बाजारात निम्म्या किमतीत विकायच्या, हा त्याच धंद्याचा पुढचा टप्पा.

‘एकाने पाठविले, दुसऱ्याने वाचले, त्यात कोणाचे काय गेले?’ असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित माणसे अगदी निरागसपणे विचारतात. त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. मराठीत सर्वसाधारण पुस्तकाची पहिली आवृत्ती फार तर हजार प्रतींची असते. अलीकडे पाचशे प्रती काढतानाही प्रकाशक दहा वेळा विचार करतो. उदाहरणादाखल ३०० रुपये किमतीचे एक पुस्तक धरू. वितरक आणि विक्रेता यांचे मिळून ४० टक्के, म्हणजे १२० रुपये. लेखकाचे मानधन १० टक्के, म्हणजे ३० रुपये. प्रकाशकाच्या हाती प्रत्येक प्रतीमागे उरले १५० रुपये. अक्षरजुळणी, संपादन, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांवर ६० हजार रुपये आणि कागद, छपाई, बांधणी यांसाठी प्रतीमागे ८० रुपये धरले, तर हजार प्रतींचा एकूण खर्च होतो १ लाख ४० हजार. याचा अर्थ असा की, ९३३ प्रती विकल्या गेल्या तरी प्रकाशकाचे मुद्दल अद्याप पूर्ण वसूल झालेले नसते. त्याला जे काही मिळते, ते शेवटच्या ६७ प्रतींमधून. सगळ्या हजार प्रती खपल्या, तर त्याच्या पदरी १० हजार रुपये पडतात आणि लेखकाला दोन-तीन वर्षांच्या परिश्रमांबद्दल ३० हजार.

आता या हजार संभाव्य ग्राहकांपैकी केवळ सत्तर जणांनी ‘पीडीएफ आली आहे, मग विकत कशाला घ्यायचे?’ असा विचार केला, तरी ते पुस्तक तोट्यात जाते. दीडशे जणांनी केला, तर प्रकाशकाला साडेबारा हजारांचा फटका बसतो. हे आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येक पुस्तकागणिक ते थोडेफार बदलतील. परंतु त्यांतून दिसणारे तत्त्व बदलणार नाही. मोठ्या बाजारपेठेत चोरीमुळे नफा घटतो. मराठीसारख्या लहान बाजारपेठेत चोरीमुळे पुढचे पुस्तक निघतच नाही. तोट्यात गेलेल्या पुस्तकाच्या लेखकाने दुसरे हस्तलिखित आणून दिले, की प्रकाशक ते नम्रपणे परत करतो. त्या परत गेलेल्या हस्तलिखिताची नोंद कोठेही होत नाही, त्याची बातमी येत नाही आणि वाचकाला आपण काय गमावले हे कधी कळतही नाही.

याचा पहिला आघात होतो तो कष्टसाध्य ग्रंथांवर. लोकप्रिय कादंबरी चोरी पचवूनही कदाचित तगेल. पण मोडी कागदपत्रांत वर्षानुवर्षे डोके घालून लिहिलेला इतिहासग्रंथ, दुर्गांच्या बांधणीचा अभ्यास, एखाद्या संतसंप्रदायाचा साक्षेपी परिचय, कोश, सूची यांचा वाचकवर्ग मुळातच चार-पाचशेंचा. त्यातले शंभर गळाले, की त्या विषयावरचे लेखन थांबते. स्वतःच्या इतिहासाचे लेखन स्वतःच्या भाषेत होणे ही राष्ट्रीय गरज आहे, असे आपण व्यासपीठांवरून सांगतो. ते लेखन करणाऱ्याच्या ताटातला घास मात्र आपलाच समाज निःशंक मनाने उचलून घेतो.

या विषयाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. उतरवून घेतलेली प्रत्येक पीडीएफ म्हणजे बुडालेली एक विक्री, असे मुळीच नाही. पीडीएफ जमविणारे पुष्कळ लोक ती उघडूनही पाहत नाहीत. काही जणांनी ते पुस्तक एरवीही विकत घेतले नसते. युरोपीय आयोगाने करवून घेतलेल्या आणि २०१७ मध्ये उजेडात आलेल्या एका अहवालात, नव्या गाजलेल्या चित्रपटांचा अपवाद वगळता, बेकायदा प्रतींमुळे विक्री घटते असा ठोस संख्याशास्त्रीय पुरावा आढळला नव्हता. ब्राझीलचे जगप्रसिद्ध लेखक पाउलो कोएलो यांनी तर स्वतःच्या पुस्तकांच्या अशा प्रतींचा पुरस्कार केला आणि त्यामुळे रशियात आपला खप वाढला, असे ते सांगत आले. याउलट, अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ इम्के रायमर्स यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती महाजालावरून चिकाटीने हटविल्या गेल्या त्यांच्या ई-आवृत्त्यांची विक्री सुमारे १४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. छापील प्रतींवर मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही.

या सगळ्याचा मराठीपुरता अर्थ काय? कोएलो यांची पुस्तके डझनावारी भाषांत जातात. एका देशात फुकट वाटलेली प्रत दुसऱ्या देशात जाहिरात ठरू शकते. सातारा किंवा नांदेड येथील लेखकाला असा दुसरा देश नसतो. शिवाय रायमर्स यांच्या अभ्यासात जेथे नुकसान दिसले, ते ई-पुस्तकांचे क्षेत्रच मराठीला अजून उभे करायचे आहे. मोबाईलवर वाचणारी नवी पिढी हीच उद्याची ग्राहक आहे. तिला पडद्यावरचे पुस्तक म्हणजे फुकटचे पुस्तक, अशी सवय आज लागली, तर उद्या त्या रोपट्याला पालवी कशी फुटणार? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोएलो यांनी स्वतःचे पुस्तक स्वतःच्या इच्छेने दिले. दान आणि चोरी या दोहोंत वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते. फरक असतो तो देणाऱ्याच्या संमतीचा. ज्याची वस्तू आहे त्याला न विचारता ती वाटून मोकळे होणारा मनुष्य दानशूर ठरत नाही.

येथे आणखी एक युक्तिवाद पुढे केला जातो आणि तो आपल्या परंपरेच्या नावाने केला जातो. ‘आपल्याकडे विद्येचा विक्रय निषिद्ध मानला आहे, ज्ञान हे वाटण्यासाठीच असते, प्रताधिकार ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे,’ असे सांगून पीडीएफ धाडणारे महाभाग आहेत. त्यांनी परंपरेचा जरा बारकाईने विचार करावा. पोथीची नक्कल करणे हे आपल्याकडे पुण्यकर्म होते, हे खरेच. पण ती नक्कल करणारा महिनोन्‌महिने मांडी घालून बसत असे, एकेक अक्षर जपत असे आणि शेवटी पुष्पिकेत आपले नाव-गाव, शक-तिथी लिहून त्या लेखनाची जबाबदारी स्वीकारत असे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेच्या निरूपणाला वाहिला, यावरून त्या कार्याचे मोल लक्षात यावे. लेखकाचा योगक्षेम तेव्हा राजाश्रयाने, मठमंदिरांनी आणि गावाने उचललेला असे. आज ती व्यवस्था उरलेली नाही. तिची जागा वाचकाने दिलेल्या पुस्तकाच्या किमतीने घेतली आहे. लेखकाला सांभाळणारे जुने हात काढून घ्यायचे, नवा हात पुढे करायचा नाही आणि तरीही ज्ञानदानाची महती गायची, ही परंपरा नव्हे. विद्यादानाबरोबर गुरुदक्षिणेची रीत याच भूमीत जन्मली आणि पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांत अस्तेयाची गणना सत्य आणि अहिंसा यांच्या जोडीने झाली आहे.

कर्तृत्वाची मालकी हीदेखील आपल्याला अपरिचित कल्पना नव्हती. अभंगाच्या शेवटी संत आपली नाममुद्रा घालत. तुकोबांच्या अभंगांवरील त्यांची मुद्रा काढून स्वतःची घालणारा सालोमालो मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अजरामर झाला तो कुप्रसिद्धीमुळे, आणि खुद्द तुकोबांनी त्याला कठोर शब्दांत सुनावले. विरक्त संतालाही आपल्या शब्दांशी झालेला हा व्यवहार सोसला नाही. संसारी लेखकाने तो मुकाट्याने सोसावा, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने?

काही जण तर स्वातंत्र्यवीर सावरकरांचे उदाहरण देतात. सावरकरांच्या १८५७च्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथावर ब्रिटिश सरकारने तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंदी घातली. १९०९ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती हॉलंडमध्ये छापली गेली आणि तिच्या प्रती दुसऱ्याच पुस्तकांच्या वेष्टनांत दडवून हिंदुस्थानात आणल्या गेल्या. ती बंदी उठायला १९४६ साल उजाडावे लागले. मधल्या काळात ज्यांनी तो ग्रंथ चोरून छापला, चोरून वाचला, ते वंदनीयच आहेत. कारण तेथे परकीय सत्ता लेखक आणि त्याचा समाज यांच्यामध्ये उभी होती, ग्रंथ लोकांपर्यंत पोहोचावा अशी लेखकाची स्वतःची इच्छा होती आणि वाटणारा तुरुंगाचा धोका पत्करून वाटत होता. आज दुकानात उघडपणे मिळणारे तीनशे रुपयांचे पुस्तक अंगठ्याच्या एका स्पर्शाने पुढे ढकलण्यात कोणता धोका आहे आणि कोणता त्याग? क्रांतिकारकांच्या साहसाशी आपल्या कंजूषपणाचे नाते जोडणे हा त्या साहसाचा अपमान आहे.

आणि हे सांगताना बोट केवळ इतरांकडे रोखून चालणार नाही. राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळातही ‘विचारप्रसार’ या गोंडस नावाखाली हा प्रकार सर्रास चालतो. संघटनेच्या कार्यकर्त्याच्या हाती एखादे उत्तम पुस्तक लागते, ते चारचौघांपर्यंत पोहोचावे अशी त्याची प्रामाणिक तळमळ असते आणि तो त्याची पीडीएफ पंचवीस समूहांवर टाकून कर्तव्यपूर्तीच्या समाधानाने झोपी जातो. त्याच्या हे ध्यानात येत नाही की, राष्ट्रीय विचारांची पुस्तके काढणारी प्रकाशने बहुतांशी लहान आहेत. त्यांच्यामागे धनिकांचे पाठबळ नसते. पूर्वप्रकाशन सवलत योजनेत घरोघर फिरून नोंदणी करणारे कार्यकर्ते हेच त्यांचे भांडवल. त्या पंचवीस समूहांमध्ये जे वाचक असतात, नेमके तेच या पुस्तकांचे संभाव्य ग्राहक असतात. विचाराच्या प्रसारासाठी त्या विचाराच्या प्रकाशकालाच उपाशी ठेवणे, ही आत्मघातकी भक्ती होय. विरोधी विचारांच्या ग्रंथांना देशी-विदेशी विद्यापीठांचा आणि मोठ्या प्रकाशन संस्थांचा आश्रय असतो. आपल्या ग्रंथांना आश्रय आहे तो केवळ आपल्या वाचकांचा. तोच काढून घेतला, तर वैचारिक लढाईत आपली शस्त्रशाळा रिकामी पडेल.

कायदा याबाबतीत काय म्हणतो? १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे अबाधित असतो. कलम ६३ अन्वये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर शिक्षा कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. परंतु अपराध हा अपराधच राहतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, एका शिक्षिकेच्या अध्यापन साहित्याची चोरी करणाऱ्या वाहिन्यांमागील व्यक्तींची माहिती देण्याचा आदेश टेलिग्रामला दिला आणि ‘आमचे सर्व्हर परदेशात आहेत’ ही सबब मान्य केली नाही. २०१३ च्या प्रताधिकार नियमांमध्ये आणखी एक तरतूद आहे. प्रताधिकारधारकाने रीतसर लेखी तक्रार केली, तर मध्यस्थ कंपनीने ३६ तासांच्या आत त्या साहित्याकडे जाणारा मार्ग बंद करावयाचा असतो. तो २१ दिवस बंद राहतो; त्या अवधीत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणावा लागतो.

कायदा आहे, हे उत्तम. पण पुस्तकामागे दहा हजार मिळविणारा प्रकाशक उच्च न्यायालयाची पायरी कितीदा चढणार? आज एक वाहिनी बंद पडली, तर उद्या दुसऱ्या नावाने दुसरी उघडते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश तर कुलूपबंद असतात. मावशीने भाच्याला पाठविलेल्या पीडीएफचा माग कोणते पोलीस काढणार? तात्पर्य, मोठ्या गुन्हेगारांना कायद्याने वेसण घालता येईल; घरोघरच्या चोरीला कायदा पुरा पडणार नाही.

कायदा निष्ठुर आहे, असेही नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा अध्यापनासाठी पुस्तकांतील उतारे एकत्र करून विद्यार्थ्यांना देणे कायद्यात बसते, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घेतली. दृष्टिहीनांसाठी पुस्तक ब्रेल किंवा श्राव्य रूपात आणण्यास २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आणि त्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ मध्ये जगातील पहिला देश ठरला. गरीब विद्यार्थी आणि अंध वाचक यांची काळजी कायद्याने घेतलेली आहे. त्यांच्या आडून सधन वाचकाने फुकटेपणा करू नये.

ज्याला खरोखरच विनामूल्य वाचायचे आहे, त्याच्यासाठी सन्मानाची वाटही मोकळी आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले अनेक ग्रंथ महाजालावर खुले केले आहेत. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि साने गुरुजींचे साहित्य प्रताधिकारमुक्त आहे. १९६६ साली दिवंगत झालेल्या सावरकरांच्या साहित्यावरील प्रताधिकाराची मुदतही ३१ डिसेंबर २०२६ ही आहे. एवढे भांडार खुले असताना ते न वाचता, कालपरवा प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या चोरट्या प्रतीसाठी धडपडण्याला वाचनप्रेम म्हणवत नाही.

याच चोरीला आता एक नवा आणि मोठा गिऱ्हाईक मिळाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे घडविण्यासाठी प्रचंड मजकूर लागतो आणि त्यासाठी महाजालावरील चोरट्या ग्रंथभांडारांचा उपयोग केला गेला, हे अमेरिकेतील खटल्यांतून उघड झाले. अँथ्रॉपिक या कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. प्रत्येक पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर. पण ही भरपाई अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयात नोंदणी झालेल्या पुस्तकांपुरती आहे. मराठी लेखकांपैकी तेथे नोंदणी करणारे किती निघतील? आपल्याच माणसाने हौसेने चढविलेली पीडीएफ उद्या कोणत्या परदेशी यंत्राच्या पोटात जाईल आणि त्यातून कोण अब्जाधीश होईल, याचा नेम नाही. त्यात मराठी लेखकाचा वाटा मात्र शून्य असेल. भारतातही हा प्रश्न न्यायालयात पोहोचला आहे. वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात भारतीय प्रकाशकांच्या महासंघानेही उडी घेतली आहे. भाषेची संपत्ती हा आता केवळ भावनेचा विषय राहिलेला नाही.

मग करावे काय? पहिली जबाबदारी प्रकाशकांची. पुष्कळदा वाचक चोरट्या प्रतीकडे वळतो, तो पुस्तक कोठेच मिळत नाही म्हणून. आवृत्ती संपून दहा-दहा वर्षे झाली तरी पुनर्मुद्रण होत नाही, ई-आवृत्ती निघत नाही, तालुक्याच्या गावी दुकान नाही. आता मागणीनुसार पंचवीस-पन्नास प्रती छापण्याचे तंत्र हाताशी असताना ‘पुस्तक उपलब्ध नाही’ हे उत्तर शोभणारे नाही. पुस्तक प्रसिद्ध होताच रास्त दरातील ई-आवृत्ती उपलब्ध झाली पाहिजे. लेखकाला मानधनाचा चोख आणि वेळेवर हिशेब दिला पाहिजे. लेखकाच्या हक्काच्या नावाने वाचकाला आवाहन करणाऱ्याने तो हक्क आधी स्वतः पाळावा. आणि चोरीच्या वाहिन्यांविरुद्ध एकेकट्याने झुंजण्यापेक्षा मराठी प्रकाशकांच्या संघटनांनी एकत्रित कक्ष उभारून, ३६ तासांच्या त्या तरतुदीचा सामुदायिक उपयोग करावा.

दुसरी जबाबदारी शासनाची. संशोधनपत्रिकांच्या बाबतीत केंद्र सरकारने एक चांगला मार्ग दाखविला आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये देऊन सुमारे १३ हजार संशोधनपत्रिका शासकीय उच्चशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना खुल्या करण्याचे ठरले. प्रकाशकाला मोबदला मिळतो, विद्यार्थ्याला ज्ञान मिळते आणि चोरीचे कारणच उरत नाही. हेच तत्त्व महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना का लावू नये? १९६७ च्या कायद्यानंतर राज्यात ग्रंथालयांचे मोठे जाळे विणले गेले. २०१७ मध्ये महाबळेश्वरजवळ भिलार हे पुस्तकांचे गाव उभे राहिले. या ग्रंथालयांनी मराठी ई-पुस्तके रीतसर विकत घेऊन सभासदांना मोबाईलवर मुदतीने वाचावयास द्यावीत आणि त्यासाठी शासनाने वेगळे अनुदान द्यावे. गडचिरोलीतील विद्यार्थ्याला पुस्तक मिळेल आणि पुण्यातील लेखकाला मानधनही. छापील पुस्तक वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. ई-पुस्तकाला २०१८ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणून दिलासा दिला गेला. दोहोंना समान न्याय मिळावा, ही मागणीही रास्तच आहे.

तिसरी आणि सर्वांत मोठी जबाबदारी समाजाची. दिवाळी अंक विकत घेऊन वाचणारा, ग्रंथप्रदर्शनातून पिशव्या भरून पुस्तके नेणारा हा समाज आहे. त्याला पुस्तकाचे मोल शिकवावे लागत नाही; फक्त हाती आलेल्या पीडीएफमध्येही तेच पुस्तक आहे, एवढी आठवण द्यावी लागते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी पुस्तकाचे वाण देता येते. विवाहात, वाढदिवसाला, सत्काराला शाल-श्रीफळाबरोबर ग्रंथ देता येतो. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला संदेश पाठविण्याऐवजी एक पुस्तक विकत घेता येते. वस्तीतल्या अभ्यासगटाने एखादे पुस्तक वाचायचे ठरविले, तर दहा जणांनी मिळून तीन प्रती घ्याव्यात आणि आळीपाळीने वाचाव्यात. विकत घेतलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती देण्यात ना कायद्याची आडकाठी, ना नीतीची. आणि समूहावर कोणी चोरटी प्रत टाकली, तर त्याला सर्वांसमक्ष नको, पण वेगळे गाठून दोन शब्द सांगण्याचे धाडस प्रत्येकाने दाखवावे. स्वदेशी, स्वच्छता, पाणी वाचविणे या गोष्टी आपण आग्रहाने सांगतो. त्यांच्याच रांगेत ही गोष्ट बसविली पाहिजे.

अभिजातपणाचा दर्जा शासन देऊ शकते. त्या दर्जाला साजेसे नवे ग्रंथ मात्र शासनाच्या आदेशाने निर्माण होत नाहीत. ते कोणीतरी रात्री जागवून लिहितो, कोणीतरी कर्ज काढून छापतो आणि कोणीतरी खिशात हात घालून विकत घेतो. या तिघांपैकी पहिले दोघे अद्याप आपापल्या जागी उभे आहेत. तिसऱ्याने आपली जागा सोडू नये, एवढेच या निमित्ताने सांगणे आहे.